मराठा आरमारातील 'सरखेल' : हुद्दा की किताब?

'सरखेल' म्हणताच कान्होजी आंग्रे डोळ्यांसमोर येतात. परंतु हा शब्द मुळात समुद्रावरचा नव्हे. 'खेल' म्हणजे स्वारांचा जथा. झियाउद्दीन बरनीने दिलेल्या लष्करी उतरंडीत सरखेल हा अवघ्या दहा स्वारांचा नायक आहे. 'ॲडमिरल' या शब्दाच्या मुळाशीही अरबी 'अमीर', म्हणजे केवळ अधिपती, आहे. 'सारंगा'चा प्रवास मात्र उलटा झाला. शिवकाळात दर्यासारंग हा आरमाराचा सरदार होता. पुढे इंग्रजी जहाजांवर सारंग हा खलाशांचा मुकादम ठरला.

तथापि प्रश्न केवळ व्युत्पत्तीचा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराची रचना स्पष्ट सांगितली आहे : पाच गुराबा व पंधरा गलबते यांचा एक सुभा, आणि सर्व सुभ्यांवर एक सरसुभा. येथे सरसुभा हा हुद्दा आहे. धनी तो देईल व काढूनही घेईल. सरखेलीचे तसे नव्हते. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी शाहू महाराजांच्या पक्षास आले, तेव्हा किताबाबरोबर किल्ले व मुलूखही त्यांच्याकडे कायम राहिला. साहजिकच सरखेली हे घराण्याचे वतन झाले, आणि वतन म्हटले की वाटणी आलीच. १७३५ मध्ये बाजीरावांनी भाऊबंदकी मिटविताना संभाजींस सरखेली देऊन सुवर्णदुर्गाकडे ठेवले. कुलाब्यास मानाजींना 'वजारतमाब' हा निराळा किताब दिला. एका आरमाराची दोन आरमारे झाली. तुळाजी आंग्रे यांच्या पाडावाची कारणे सांगताना पेशव्यांच्या इंग्रजांशी झालेल्या हातमिळवणीवर भर दिला जातो. तो योग्यच आहे. परंतु १७३५ ची ही वाटणी माझ्या मते तितकीच निर्णायक होती.

फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग घेणाऱ्या इंग्रजी आरमाराचा प्रमुख चार्ल्स वॉटसन हा रिअर ॲडमिरल होता. त्या हुद्द्याला ना किल्ला जोडलेला होता, ना मुलूख. ऑगस्ट १७५७ मध्ये तो कलकत्त्यास वारला, तेव्हा ताफ्याचे आधिपत्य त्याच्या मुलाकडे नव्हे, तर दुय्यम अधिकारी जॉर्ज पोकॉक याच्याकडे गेले. ताफा अखंड राहिला. इकडे विजयदुर्ग पेशव्यांच्या हाती आल्यावर तेथे 'सुभा आरमार' स्थापन झाला. शब्द अमात्यांच्या परिभाषेतला होता. काम मात्र दीर्घकाळ धुळपांच्या घराण्यातच राहिले.