बोलकी चूक, मुकी चूक

शाळेच्या कार्यालयात गुणांची एक मोठी नोंदवही आहे असे समजा. कारकून तिची दुसरी प्रत उतरवून घेत आहे आणि त्याच वेळी शिक्षक येऊन मूळ वहीत नोंदी बदलत आहेत. कारकून तिसाव्या पानावर पोचला असताना कोणीतरी एका मुलाची तुकडी बदलली आणि त्याची नोंद दहाव्या पानावरून चाळिसाव्या पानावर नेली. तयार प्रतीत तो मुलगा दोनदा दिसेल. तुकडी उलट दिशेने बदलली असती, तर एकदाही दिसला नसता. कारकुनाने एक अक्षरही चुकवलेले नाही. तरी त्याची प्रत ज्या क्षणाची आहे, तसा क्षण मूळ वहीच्या आयुष्यात कधी आलाच नव्हता. (फळ्यावरचा मजकूर एकाने बदलत राहायचा आणि दुसऱ्याने उतरवून घ्यायचा, असा खेळ वर्गात दहा मिनिटांत करून पाहता येईल.)

संगणकातील माहितीची राखीव प्रत, म्हणजेच बॅकअप, घेणाऱ्यांपुढे ही अडचण पहिल्यापासूनच होती. मात्र ‘आभासी यंत्रे’ आल्यावर तिला वेगळे रूप मिळाले.

आभासी यंत्राची कल्पना बरीच जुनी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे आयबीएम कंपनीचे एक संशोधन केंद्र होते. तेथे रॉबर्ट क्रीझी, लेस कोमो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीपी-४० नावाची प्रणाली तयार केली. १९६७ च्या जानेवारीत ती रोजच्या वापरात आली. संगणक एकच, पण त्यावर चौदा जणांना आपापला स्वतंत्र संगणक असल्याचा भास होत असे. १९७२ मध्ये आयबीएमने हीच कल्पना व्हीएम/३७० या नावाने बाजारात आणली. पुढे टेबलावरचे संगणक स्वस्त झाले आणि एका संगणकाचे चौदा करण्याची फारशी कोणाला गरज उरली नाही. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात डायान ग्रीन, मेंडेल रोझेनब्लम आणि इतरांनी व्हीएमवेअर ही कंपनी स्थापन केली, तेव्हा ही कल्पना साध्या संगणकांवर पुन्हा अवतरली. २००१ मध्ये त्यांचे सर्व्हरसाठीचे उत्पादन आले.

याचा एक परिणाम फार महत्त्वाचा आहे. आभासी यंत्राची डिस्क म्हणजे प्रत्यक्षात एक भलीमोठी फाइल असते. यंत्राची प्रत हवी? ती फाइल उतरवून घ्या! पण यंत्र चालू असताना ही फाइल क्षणोक्षणी बदलत असते. म्हणजे आपला कारकून पुन्हा त्याच पेचात.

यावरचा उपाय मोठा सुरेख आहे. एका क्षणी मूळ वहीत लिहिणे थांबवायचे आणि पुढच्या सगळ्या नोंदी वेगळ्या पुरवणी कागदावर घ्यायच्या. वही आता बदलत नाही, तेव्हा कारकुनाने ती निवांत उतरवून घ्यावी. त्याचे काम आटोपले, की पुरवणीतल्या नोंदी मुख्य वहीत चढवायच्या आणि पुरवणी फाडून टाकायची. संगणकाच्या भाषेत याला ‘स्नॅपशॉट’ म्हणतात. खरी मेख शेवटच्या पायरीत आहे.

ती समजण्यासाठी वही कोठे ठेवली आहे हे पाहावे लागेल. १९८४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने एनएफएस ही पद्धत काढली. हिच्यामुळे फाइली एका सामाईक साठ्यात ठेवून अनेक संगणकांना त्या जाळ्यावरून, जणू आपल्याच आहेत अशा, वापरता येतात. रचना साधी राहावी म्हणून साठ्याच्या सर्व्हरने कोण काय वाचतो आहे याची आठवण ठेवायचीच नाही, असे ठरवले गेले. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला तर मागणाऱ्याने तीच मागणी पुन्हा करावी, बस. ही विस्मरणशीलता हाच एनएफएसचा गुण, आणि तिच्या प्रसाराचे एक कारणही. पण ज्याला काही आठवत नाही तो कुलपाच्या किल्ल्या कोणाकडे आहेत हे कसे सांगणार? फाइलला कुलूप लावण्याची सोय मूळ नियमांच्या बाहेर, निराळी करावी लागली.

२००६ पासून व्हीएमवेअरची आभासी यंत्रे एनएफएसवर ठेवता येऊ लागली. एकच यंत्र दोन सर्व्हरांनी एकदम चालवू नये म्हणून कंपनीने स्वतःचे कुलूप बनवले. यंत्र चालवणारा सर्व्हर त्याच्या फाइलीशेजारी एक छोटी खुणेची फाइल ठेवतो आणि दर १० सेकंदांनी ती ताजी करतो. लागोपाठ तीन वेळा ती ताजी झाली नाही, तर मालक निघून गेला असे धरायचे.

आता प्रत घेणारे यंत्र एका सर्व्हरवर आहे आणि ज्याची प्रत घ्यायची ते यंत्र दुसऱ्या सर्व्हरवर, अशी कल्पना करा. प्रत घेणारा मूळ डिस्क स्वतःला जोडून घेतो, वाचतो, सोडून देतो. मग पुरवणी चढवायची वेळ येते आणि कुलपाचा हा घोळ आडवा येतो. यंत्र सुमारे ३० सेकंद जागच्या जागी गोठते. त्यावर काम करणाऱ्यांना वाटते, जाळे तुटले. जोडीच्या यंत्राला वाटते, हा मेला. संशय तारांवर आणि स्विचवर जाणे स्वाभाविकच. प्रत्यक्षात तारा धडधाकट असतात. उपाय कंपनीनेच प्रसिद्ध केला: दोन्ही यंत्रे एकाच सर्व्हरवर ठेवा, किंवा डिस्क जोडून न घेता मजकूर जाळ्यावरून मागवून वाचा, थोडा उशीर झाला तरी चालेल. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीने २००० मध्ये कुलपे मूळ नियमांतच घेतली होती. व्हीएमवेअरने त्या आवृत्तीचा स्वीकार २०१५ मध्ये केला.

ही झाली बोलकी चूक. ती त्रास देते, पण दुसऱ्याच दिवशी कोणीतरी तक्रार घेऊन दारात उभे राहते.

दुसरी चूक याच कामातली, पण निराळ्या जातीची. रोज सबंध वही उतरवणे परवडत नाही. म्हणून २००९ मध्ये व्हीएमवेअरने अशी सोय केली की मागच्या प्रतीनंतर कोणती पाने बदलली याची यादी यंत्राचा सांभाळ करणारी प्रणालीच ठेवील; कारकुनाने तेवढीच पाने उतरवावीत. तासांचे काम मिनिटांवर आले. मात्र २०१४ मध्ये उघड झाले की ही सोय चालू असताना डिस्कचा आकार वाढवून १२८ गीगाबाइटच्या पलीकडे नेला, तर यादी चुकीची मिळू शकते. कारकुनाने यादीबरहुकूम काम केले, अहवालात ‘यशस्वी’ असा शेराही पडला. पण बदललेली काही पाने यादीत नव्हतीच. पुढच्याच वर्षी नव्या आवृत्तीत चुकीच्या यादीचा असाच दोष पुन्हा निघाला. पहिल्या दोषावर तात्पुरता इलाज एकच होता: यादी ठेवणे बंद करून पुन्हा सुरू करायचे आणि एकदा सबंध वही नव्याने उतरवायची. तोवर घेतलेल्या प्रतींत किती खोट्या होत्या, हे त्या प्रतींवरून यंत्र उभे करून पाहिल्याखेरीज कळण्यासारखे नव्हते. यंत्र म्हणजे एक फाइलच असल्याने असे करून पाहता येते, ही त्यातल्या त्यात सोयीची गोष्ट. वीम या कंपनीने २०१० मध्येच, प्रतीवरून यंत्र बंदिस्त जाळ्यात आपोआप चालू करून तपासण्याची सुविधा आपल्या प्रणालीत दिली होती.

मुकी चूक किती खोल जाऊ शकते याची नोंद गिटलॅब या कंपनीने स्वतःच जगापुढे ठेवली आहे. तिची यंत्रे तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या भाड्याच्या आभासी यंत्रांवर चालत. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री एका अभियंत्याने भलत्याच सर्व्हरवर आज्ञा दिली आणि सुमारे ३०० गीगाबाइट माहिती पुसली गेली. प्रती शोधायला गेले, तर रोजची प्रत तयारच होत नव्हती. प्रत घेणारा प्रोग्राम माहितीसाठ्याच्या जुन्या आवृत्तीचा होता आणि काम न करता थांबत होता. तो तसा संदेशही पाठवत होता, पण ही पत्रे पाठवणाऱ्याची ओळख पटत नसल्याने टपालव्यवस्था ती नाकारीत होती! डिस्कचे स्नॅपशॉट घेण्याची सोय होती, पण माहितीसाठ्याच्या सर्व्हरांसाठी ती सुरूच केलेली नव्हती. अखेर कामी आला तो एका वेगळ्याच कारणासाठी, चाचणीच्या यंत्रावर नेण्याकरता, सहा तास आधी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट. त्या सहा तासांतले सुमारे ५००० प्रकल्प, तितकेच अभिप्राय आणि सुमारे ७०० नवी खाती मात्र गेली.

चाचणीच्या यंत्राची डिस्क स्वस्तातली आणि संथ होती. तिच्यावरून माहिती परत आणण्यात तासांमागून तास गेले. कंपनीने हे काम चालू असताना त्याचे थेट प्रक्षेपण केले आणि हजारो लोक ते पाहत बसले होते. सेवा पूर्ववत झाली ती दुसऱ्या दिवशी, सुमारे अठरा तासांनी. नंतर प्रसिद्ध केलेल्या सविस्तर अहवालात कंपनीने त्या अभियंत्याचे नाव दिले नाही. प्रतींवरून माहिती परत उभी करता येते की नाही हे पाहण्याची जबाबदारी आजवर कोणावरच सोपवलेली नव्हती, हे मात्र त्यात लिहिले.