सोंग, सोंगटी आणि सूत्रधार : पटावरील भूमिकाखेळाची पूर्वपीठिका

मराठीत ‘सोंग’ आणि ‘सोंगटी’ हे दोन शब्द इतके जवळजवळ नांदतात की, त्यांचे मूळ एकच असावे असे कोणासही वाटावे. केवळ ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभारणे हा आमच्या शास्त्रातील जुना दोष होय. त्या मोहापासून प्रस्तुत लेखक दूर राहू इच्छितो. परंतु या शब्दांच्या शेजारामुळे एक ऐतिहासिक प्रश्न उभा राहतो. ज्या खेळात सोंगटी हलविणाराच स्वतः सोंग घेतो, असा खेळ आपल्याकडे होता काय?

हा प्रश्न विचारण्यास एक निमित्त आहे. मेजाभोवती बसून, फासे टाकीत, एका सूत्रधाराच्या निवेदनाच्या आधारे प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका करावयाची, हा खेळप्रकार आता आमच्या विद्यार्थ्यांस अपरिचित राहिलेला नाही. त्याची चर्चा निघाली की ‘हे तर आमच्याकडे होतेच’ असे कोणी तरी म्हणतो. या विधानाची तपासणी व्हावयास हवी.

प्रथम सारीपाट घेऊ. चार भुजांचा पट, प्रत्येक भुजेस 24 घरे, एकूण 96. चार रंगांच्या 16 सोंगट्या. येथे दैव आहे आणि कोणती सोंगटी पुढे काढावी याचा विवेकही आहे. सोंग मात्र नाही. (जाता जाता : ‘पौ’ आणि ‘बारा’ हे फाशांचे उत्तम दान. हिंदीत त्यापासून भाग्य उजळणे असा अर्थ आला. मराठी माणसाने त्याच दानावर पळ काढला व ‘पोबारा’ केला.) मोक्षपटात खेळणाऱ्याचे स्वतःचे आयुष्यच पटावर मांडलेले असते, सद्गुणाची शिडी आणि दुर्गुणाचा साप. परंपरा त्याचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांस देते. समकालीन पुराव्याने ते सिद्ध झालेले नाही. येथे दान पडेल तिकडे जावयाचे, निवड मुळीच नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत 10 अवतारांची 120 पाने असतात, दिवसा रामाच्या राजाने व रात्री कृष्णाच्या राजाने डाव उघडतो. परंतु राम हाती आला म्हणून कोणी रामासारखे बोलत नाही.

सोंग खरे सापडते ते पटावर नव्हे, तर भारुडात. पैठणच्या एकनाथांची (1533–1599) सुमारे 300 भारुडे उपलब्ध आहेत. त्यांत जोगी, वाघ्या, गोंधळी, महार, जोशी, आंधळा, बहिरा, सासुरवाशीण अशी किती तरी पात्रे प्रथमपुरुषात बोलतात. इतकेच नव्हे, तर अर्जदस्त, जाबचिठ्ठी, ताकीदपत्र हे दरबारी लेखनप्रकारही नाथांनी भारुडासाठी वापरले. वेष बदलला की शब्दसंग्रह बदलतो आणि संबोधनेही बदलतात, याची इतकी सूक्ष्म जाण त्या काळात अन्यत्र क्वचितच आढळेल. तथापि भारुडात फासा नाही, आणि शेवट काय व्हावयाचा हे आधीच ठरलेले असते.

म्हणजे दैव, निवड आणि सोंग ही तिन्ही अंगे आपल्याकडे होती. एकत्र मात्र नव्हती. ती एकत्र आली ती वेगळ्याच मार्गाने. 1824 साली प्रशियात राइसविट्झ याने युद्धखेळाचे नियम छापले. त्यात पंच आला. 1876 मध्ये व्हेर्डी दु व्हेर्नवा याने कोष्टके बाजूस सारून पंचाच्या निर्णयास प्राधान्य दिले. 1969 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेसली याने ‘ब्राउनश्टाइन’ नावाच्या खेळात सैन्याऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका खेळाडूंस दिली. त्याच मंडळींतील डेव्ह आर्नेसन आणि विस्कॉन्सिनमधील गॅरी गायगॅक्स यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली प्रसिद्ध झाला. पहिली आवृत्ती अवघ्या 1,000 प्रतींची होती. ‘हे आमच्याकडे होतेच’ असे म्हणणाऱ्यांनी हा मधला दीडशे वर्षांचा इतिहास वाचलेला नसतो.

पुढे निरनिराळ्या कथाप्रकारांचे खेळ झाले, आणि प्रत्येकाचे नियम त्या कथाप्रकाराचे व्याकरणच ठरले. 1977 च्या ‘ट्रॅव्हलर’ या अंतराळखेळात पात्राचे पूर्वायुष्य फाशांनी ठरते, व खेळ सुरू होण्यापूर्वीच ते पात्र मरूही शकते. 1981 च्या ‘कॉल ऑफ क्थुल्हू’ या भयखेळात पात्राचे मनःस्वास्थ्य अंकांत मोजतात. ते बहुधा घटत जाते. म्हणून खेळ निवडणे म्हणजे केवळ कथानक निवडणे नव्हे. कोणत्या गोष्टीची मोजदाद करावयाची, हे त्यात ठरते.

याचा अनुभव प्रस्तुत लेखकास हिमायतनगर येथे, म्हणजे जुन्या वाढोण्यास, पदव्युत्तर विद्यार्थ्यांबरोबर आला. घरी तेलुगू, उर्दू किंवा बंजारा बोलणारी काही मुले वर्गात तोंड उघडत नसत. त्यांच्यासाठी हा प्रयोग केला. प्रथम परदेशी पद्धतीची भुयारे आणि राक्षस घेतले. तो डाव साफ फसला. बुटक्या खाणकामगाराने मराठीत कोणत्या ढंगाने बोलावे, हे कोणासच सुचेना. नंतर निजामी अमलातील एका गावाची चावडी घेतली : पाटील, पटवारी, वसुलीस आलेला रोहिला, तक्रार घेऊन आलेली विधवा. अर्ध्या तासात दखनी, तेलुगू, वऱ्हाडी वळणाची मराठी, सारे बाहेर आले.

परंतु येथेच एक चूक घडली, आणि ती माझी होती. ‘ट्रॅव्हलर’मध्ये पात्राचा सामाजिक दर्जाही फाशावर ठरतो, त्याच धर्तीवर मी गावातील स्थान, अर्थात जात, चिठ्ठीने वाटली. एका विद्यार्थ्याने चिठ्ठी उघडली, घडी घातली आणि मेजावर ठेवून दिली. त्याच्या आजोबांना जे बळेने मिळाले होते, तेच त्याला दैवाने मिळाले होते. नाथांनी महाराचे सोंग आपण होऊन घेतले, आणि त्याविषयीही अभ्यासकांत मतभेद आहेत. दुसऱ्यावर ते सोपविणे ही सर्वस्वी निराळी गोष्ट होय. त्या दिवसापासून पात्र ज्याचे त्याने निवडावयाचे व नको ते परत करावयाचे, असा नियम ठेवला आहे. कोणत्याही छापील नियमपुस्तकाआधी तो वाचून दाखवितो.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने एक निरीक्षण नमूद करतो. इंग्रजीत सूत्रधार खेळाडूस एकाच सर्वनामाने संबोधितो. मराठीत ‘तू आलास’, ‘तू आलीस’, ‘तुम्ही आलात’ यांतून निवड करावी लागते. ‘तुम्ही’ घेतल्यास लिंगाचा प्रश्न टळतो, म्हणून मी तेच रूप वापरीत असे. खेळाडूस मात्र ही पळवाट नाही, कारण ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ यांपैकी एक म्हणावेच लागते. पटवाऱ्याची भूमिका करणारी एक विद्यार्थिनी पहिल्या बैठकीत दोन्ही टाळून ‘पटवारी आला’ असे तृतीयपुरुषात बोलत राहिली. तिसऱ्या बैठकीत तिने चावडीवर येऊन ‘मी आलो’ म्हटले, आणि लगेच वळून विचारले, ‘सर, मी इथे चुकले का? फासा आधी टाकायचा होता.’ एकाच श्वासात दोन ‘मी’. माझ्या नोंदवहीत त्यांसाठी आता दोन स्वतंत्र रकाने आहेत.