बिल्ज पंप
बिल्ज पंप हा नौकेच्या तळाशी साचलेले पाणी उपसून बाहेर टाकणारा पंप आहे. नौकेच्या अंतर्भागातील सर्वांत खोल जागेस बिल्ज म्हणतात. लहान मोटरबोटींत बहुधा १२ व्होल्टचा अपकेंद्री पंप असतो. पाणी वाढताच तरंगता स्विच तो सुरू करतो.

मोटर फिरूनही पाणी उपसले जात नसल्यास जाळीतील कचरा, इंपेलर व नळी तपासतात. मोटर फिरतच नसल्यास फ्यूज, गंजलेले जोड व बॅटरी पाहतात. निर्मनुष्य बोटीतही पंप चालावा म्हणून तरंगता स्विच फ्यूजमार्गे थेट बॅटरीस जोडतात. बिल्जमध्ये पाणी ओतून त्याची नियमित चाचणी घेतात. पंप वारंवार सुरू होणे हे बहुधा गळतीचे किंवा नळीतून पाणी परतण्याचे लक्षण असते.