सातमाळ्यातला साहेब

कलकत्त्याला १८२९ साली गोऱ्या साहेबांनी गोल्फ क्लब काढला. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सगळ्यांत जुना. कंपनी सरकारचे अधिकारी तिकडे दांडा फिरवत असताना त्यांच्यातलाच जेम्स औट्रम खानदेशात वाघांमागे रान तुडवत होता.

इंग्रजांनी १८१८ मध्ये खानदेश घेतला, पण डोंगर त्यांच्या हाती लागले नाहीत. भिल्लांशी लढून फौजा थकल्या. मग १८२५ मध्ये बावीस वर्षांच्या औट्रमला त्याच भिल्लांची पलटण उभारायला धाडलं. कालपर्यंत ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्यांना भरती कसं करायचं? औट्रमने शिकारीची वाट धरली. वाघासमोर न डगमगणारा हा साहेब भिल्लांना भावला आणि धरणगावला भिल्ल कोअर उभी राहिली. शिकार हा त्याचा शौक होताच. इथे तो राज्यकारभाराचा भाग झाला.

सातमाळ्याच्या डोंगररांगेत चाळीसगावहून कन्नडला चढणाऱ्या घाटाला त्याचंच नाव आहे. खाली पाटणादेवीचं खोरं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ स्थापला. तसं सांगणारा १२०७ चा शिलालेख इथलाच, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. शिकारी साहेबाच्या आधी सहा शतकं या रानात गणित चालत होतं, हे घाटाच्या पाटीवरून कुणाला कळणार!

शिकारीला रान आहे तसं चालतं. गोल्फला मात्र आधी डोंगर माणसाळलेला लागतो. अठरा भोकांच्या मैदानाला शंभर-दीडशे एकर जमीन आणि बारमाही पाणी हवं. सिमल्याजवळच्या देवदारांत, नालदेहऱ्याला, ते जमलं. लॉर्ड कर्झन त्या जागेवर इतका खूश होता, की धाकट्या लेकीच्या नावात त्याने ‘नालदेरा’ घातलं. आपल्याकडे शेजारच्या नाशकातही गोल्फ क्लबचं मैदान होतं. तिथला कलेक्टर जॅक्सन २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांच्या गोळीला बळी पडला. आज ते मैदान हुतात्मा अनंत कान्हेरे यांच्या नावाने आहे. रिक्षावाला मात्र अजून ‘गोल्फ क्लब’च म्हणतो.

पुढे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीत सह्याद्रीच्या अंगावर अठरा भोकांचं मैदान आखलं गेलं. सातमाळ्यात तसं काही व्हायची शक्यता कमीच. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यामुळे केंद्राच्या परवानगीशिवाय वनजमीन दुसऱ्या कामाला देता येत नाही. त्यात १९८६ पासून इथलं सुमारे २६० चौरस किलोमीटर रान ‘गौताळा औट्रमघाट अभयारण्य’ आहे. वाघ मारून नाव कमावलेल्या माणसाचं नाव अभयारण्याला, हा विनोद सरकारी कागदालाच साधतो.

२०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून एक वाघ शेकडो किलोमीटर चालत याच गौताळ्यात आला.