खानदेशच्या बायकांची पुंजी

खानदेश म्हटला म्हणजे कापूस, केळी आणि जळगावची सोन्याची पेठ एवढेच परक्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते. या भूमीवर लक्ष्मी प्रसन्न झाली, हे खोटे नाही. पण ती किती घरांत टिकली आणि टिकली तेथे कोणाच्या बळावर, याचा विचार वर्धापनदिनाच्या निमित्ताने करण्यासारखा आहे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्याकडील कापसाचे भाव कडाडले. त्याच दशकात खानदेशात आगगाडी आली. शेतकऱ्याच्या हाती कधी न पाहिलेला पैसा खेळू लागला आणि सावकारही सैल हाताने कर्ज देऊ लागला. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले. आलेला पैसा वाऱ्यावर गेला, काढलेले कर्ज मात्र खातेवहीत राहिले. पुढे १८९९-१९०० चा दुष्काळ आला, ज्याला संवत १९५६ वरून ‘छप्पन्नचा दुष्काळ’ म्हणतात. त्यात तर ज्याच्या घरी काही राखलेले नव्हते, त्याचे हाल कुत्रा खाईना.

अशा काळात घर सावरायची साधने बाईजवळ दोनच होती. एक कणगी आणि दुसरे अंगावरचे सोने. पोरे उपाशी निजली तरी बियाण्याच्या जोंधळ्याला हात लावायचा नाही, हा तिचा नेम असे. कारण ते दाणे खाल्ले तर पुढचे साल गेलेच. आणि वेळ आली की गळ्यातली एकदाणी मुकाट्याने गहाण पडे. आपण ज्याला बचत म्हणतो, ती हीच.

या बायकांपैकी एकीचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. असोद्याच्या महाजनांची लेक आणि जळगावच्या चौधऱ्यांची सून बहिणाबाई यांचा जन्म १८८० चा. तिशीच्या सुमारास वैधव्य आले. पदरी तीन मुले, त्यांपैकी ओंकारला प्लेगच्या साथीने कायमचे अपंगत्व आलेले. अक्षरओळख नाही. त्या काळच्या कायद्याने एकत्र कुटुंबातल्या विधवेला अन्नवस्त्रापलीकडे हक्क नव्हता. जमीन जायची ती मुलांच्या नावे. तरी शेत आणि घरोट दोन्ही ओढीत त्यांनी संसार तडीस नेला. धाकटे सोपानदेव शिकले, कवी झाले. आईच्या ओठांवरची गाणी लिहून ठेवली गेली, म्हणून १९५१ साली ती माउली गेल्यावर पुढच्याच वर्षी ती आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह छापली गेली. मागे ठेवलेली पुंजी नाण्यांचीच असते असे नाही. पोराला शाळेत घालणे हीही एक ठेवच.

पण भगिनींनो, नुसत्या कष्टाने बाईची चिंता मिटत नाही. कष्टाच्या फळावर तिचे नावही लागते. हे नाव फार हळूहळू लागले. १९३७ च्या कायद्याने विधवेला हिस्सा मिळाला, पण तो हयातीपुरता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने ती मिळकतीची पूर्ण मालक झाली. १९९४ साली महाराष्ट्राने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला आणि २००५ साली तो साऱ्या देशात आला. बहिणाबाईंच्या पिढीला जे मिळाले नाही, ते आज कायद्यात आहे. सातबाऱ्यावर मात्र ते आपणच पाहून घ्यायचे.

पैशाच्या साधनांचेही तसेच. १८८२ साली डाकघराची बचत बँक निघाली, १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, १९९२ पासून बचत गटांना बँकांशी जोडण्याचे काम सुरू झाले. गल्लीतली भिशी आता पासबुकावर चढली. पण येथेही सावध राहावे लागते. जळगावच्या खानदेश मिलचा भोंगा एके काळी शाश्वत वाटे, तो आज वाजत नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात जिल्ह्यातल्या अनेक पतसंस्था अडचणीत आल्या आणि लग्नासाठी, म्हातारपणासाठी ठेवलेल्या ठेवी अडकल्या. बँकेतल्या ठेवीला, मग ती बँक सहकारी का असेना, ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. जादा व्याजाच्या मोहात हा भेद आपण विसरतो.

कापसाच्या तेजीने खानदेशची घरे तरली नाहीत. तरली ती राखलेल्या बियाण्याने. तेव्हा घरोघरच्या भगिनींनी या वर्षी एवढे करावे: सातबाऱ्यावर, पासबुकावर आणि वारस नोंदीत आपले नाव आहे की नाही, ते स्वतः वाचून पाहावे. ज्यांना वाचता येत नाही, त्यांनी लेकीकडून वाचून घ्यावे. म्हणजे तिलाही ते कळेल.