वीरपुरुष आणि त्यांचे चितारी

डिंभ्याच्या धरणामागे जो विस्तीर्ण जलाशय पसरला आहे, त्याला ‘हुतात्मा बाबू गेनू सागर’ म्हणतात. बाबू गेनू हा याच आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचा. मुंबईत गिरणीकामगार होता. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे तो आडवा झाला आणि चिरडला गेला. कामगाराचे नाव एवढ्या मोठ्या पाण्याला मिळावे, हे आपल्याकडे क्वचितच घडते.

या धरणाजवळच्या चहाच्या दुकानात एकदा काही तरुणांचा वाद ऐकला. नागराज श्रेष्ठ की वेताळ, जुन्या पुस्तकांतील चित्रे सरस की दूरचित्रवाणीवरील मालिका, असा तो वाद होता. पोरे हुशार होती. कोणत्या अंकात कोणती लढाई झाली, तेही त्यांना पाठ होते. मी एवढेच विचारले, “बाबांनो, ही चित्रे काढली कोणी?” सारे गप्प झाले. त्यांच्या वयात मीही गप्पच बसलो असतो. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जो इतिहास हाती आला, तो श्रोत्यांपुढे ठेवतो.

मार्च १९६४ मध्ये टाइम्स समूहाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. ली फॉक यांचा अमेरिकेतील मुखवटाधारी वीर फँटम मराठीत आला तो वेताळ होऊन. गावोगावी वेताळाचे ठाणे असलेल्या आपल्या मुलखात या परक्याला घरचे नाव मिळाले, आणि तो आपलाच वाटू लागला. १९७६ मध्ये त्याच मालेत आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ अवतरला. त्याची चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांनी काढली. पुढे १९८६ मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्सने हिंदीत नागराज आणला. त्याला पहिले रूप दिले ते आपल्या पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी. अमर चित्रकथेतील पौराणिक पुरुष रेखाटणारा हाच मराठी हात. नागराजाचे हिरवे अंग देशभर ओळखतात. मुळीकांचे नाव मात्र पुण्यातही किती जणांना ठाऊक आहे?

चित्रकथेचे पान म्हणजे एक लहानसा कारखानाच असतो. एक जण कथा लिहितो, दुसरा पेन्सिलीने आकृती मांडतो, तिसरा शाई फिरवतो, कोणी अक्षरे काढतो, कोणी रंग भरतो. मजुरी पानामागे, आपल्या भाषेत उक्ते काम. या उक्त्या कामाची सर्वांत दुःखद हकीकत सुपरमॅनची आहे. जेरी सीगल या लेखकाने आणि जो शुस्टर या चित्रकाराने १९३८ मध्ये तेरा पानांची कथा दिली. पानाला १० डॉलरप्रमाणे १३० डॉलर हाती पडले, आणि त्यातच सुपरमॅनवरील सारा हक्क गेला. १९४७ मध्ये दोघे न्यायालयात गेले; त्यानंतर पुस्तकावरील त्यांची नावेही पुसली गेली. १९५२ पासून सुपरमॅन दूरचित्रवाणीवर उडू लागला, आणि इकडे त्याचे जन्मदाते पोटासाठी किरकोळ नोकऱ्या करीत होते.

१९७५ मध्ये मोठ्या चित्रपटाची तयारी चालू असताना सीगलने उघड तक्रार केली. नील अ‍ॅडम्स, जेरी रॉबिन्सन आदी चित्रकार त्याच्या पाठीशी उभे राहिले, तेव्हा कंपनी नमली. दोघांना सालीना प्रत्येकी २०,००० डॉलर निवृत्तिवेतन मिळाले, नावेही परत लागली. बॅटमॅनचा सहनिर्माता बिल फिंगर इतका भाग्यवान नव्हता. तो १९७४ मध्ये वारला. कंपनीने त्याचे श्रेय मान्य केले ते २०१५ मध्ये. त्यानंतरच ‘गॉथम’ या मालिकेच्या श्रेयनामावलीत त्याचे नाव आले.

कोणी म्हणेल, पैसा मिळाला की झाले, नावाचे काय एवढे? तीस वर्षे कामगारांत वावरून मी एवढे शिकलो, की हजेरीपटावर ज्याचे नाव नाही त्याला पगार मागता येत नाही. नाव हा हक्काचा पहिला पुरावा असतो. म्हणून ते आधी पुसले जाते. आणि एकट्याने मागून ते परत मिळत नाही, हे सीगलच्या हकीकतीने दाखवून दिले.

म्हणून त्या तरुणांना माझे सांगणे आहे: वाद जरूर घाला, त्यात मौज आहे. परंतु कोणता वीर अधिक बलवान हे ठरवण्यापूर्वी पुस्तकाचे पहिले पान उलटून चिताऱ्याचे नाव वाचा. ते छापलेले नसेल, तर का नाही, असे प्रकाशकाला विचारा. बाबू गेनूच्या पाण्याकाठी बसणाऱ्यांनी एवढे तरी करावेच.