गांधीजींनी सूट दिलेलं मशीन

हेडफोन लावलेत ना? वाचत असाल तरी चालेल, हा त्याच भागाचा लिखित अवतार आहे. गेल्या काही दिवसांत तीन-चार जणींनी आणि एका दादाने एकच प्रश्न विचारला: "घरी पहिलं मशीन घ्यायचंय. साधं शिवणाचं घेऊ, की ते कॉम्प्युटरवालं एम्ब्रॉयडरीचं?" मी बीटेक केलेला माणूस, दिवसभर कोड लिहितो, शिंपी नाही. पण या प्रश्नाचं अर्धंअधिक उत्तर इतिहासात सापडतं, आणि तो इतिहास जाम मसालेदार आहे.

सुरुवात 1924 पासून करू. दिल्लीत रामचंद्रन नावाचा एक तरुण गांधीजींना विचारतो, तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का? गांधीजी म्हणतात, नाही. आणि उदाहरण म्हणून नाव घेतात सिंगरच्या शिलाई मशीनचं. त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी: बायको हाताने टाके घालत तासन्‌तास बसते हे सिंगरला बघवेना, म्हणून तिच्यावरच्या प्रेमापोटी त्याने हे यंत्र घडवलं. रामचंद्रनही पक्का. तो विचारतो, मग ही मशीन बनवायला कारखाना लागेल, त्यात मोठी यंत्रं लागतील, त्याचं काय? गांधीजी म्हणतात, लागतील, पण असे कारखाने सरकारच्या ताब्यात असावेत. हा संवाद 'यंग इंडिया'त छापून आला.

गोष्ट गोड आहे. खरा आयझॅक सिंगर मात्र वेगळाच गडी होता. मूळचा नट, नाटक कंपनी घेऊन गावोगाव फिरणारा. वेगवेगळ्या बायकांपासून झालेली मुलं दोन डझनांच्या आसपास. भानगडी बाहेर आल्या तेव्हा अमेरिका सोडून युरोपात गेला. 1851 मध्ये त्याने पेटंट घेतलं ते पैशासाठी, आणि हे तो लपवतही नव्हता. पण माझं मत विचाराल तर गांधीजी माणसाबद्दल चुकले आणि यंत्राबद्दल बरोबर होते. एका माणसाच्या हाताखाली चालणारं, एका खोलीत मावणारं, हवं तेव्हा थांबणारं यंत्र. त्यांना तेच हवं होतं.

मुळात मशीन एकट्या सिंगरचं नव्हतंच. फ्रान्समध्ये बार्थेलेमी तिमोनिए या शिंप्याने 1830 मध्ये पेटंट घेतलं होतं. त्याच्या मशीनवर सैन्याचे गणवेश शिवायला लागले, तेव्हा पोट जाईल या भीतीने पॅरिसच्या शिंप्यांनी 1831 मध्ये त्याचा कारखाना फोडला. त्याचा टाका साखळीटाका होता. तांदळाच्या पोत्याची शिवण आठवा: योग्य टोक ओढलं की सर्रकन सगळी उसवते. अगदी तशी.

आज आपण वापरतो तो लॉकस्टिच. त्याचं पेटंट 1846 मध्ये एलायस हाऊने घेतलं. यातली गंमत सुईत आहे. हाताच्या सुईचं नेढं मागच्या टोकाला असतं, मशीनच्या सुईचं टोकाजवळ. सुई कापडातून खाली जाते, वर यायला लागली की धाग्याचा छोटा फासा तयार होतो, आणि खालचं शटल त्या फाशातून दुसरा धागा नेतं. दोन्ही धाग्यांची गाठ कापडाच्या मधोमध पडली पाहिजे. हे एवढं डोक्यात बसलं की अर्धी दुरुस्ती तुम्हालाच जमते. कापडाखाली धाग्याचं घरटं झालं, तर नवशिके लगेच बॉबीनला शिव्या घालतात. बहुतेक वेळा भानगड वरच्या धाग्याची असते. प्रेशर फूट खाली असताना धागा ओवला, तर टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, धागा त्यांच्यात बसतच नाही. फूट वर करा, धागा पुन्हा ओवा, सुई बदला. मेकॅनिकला फोन त्यानंतर.

हाऊ आणि सिंगर कोर्टात भांडले, हाऊ जिंकला. 1856 मध्ये मोठ्या कंपन्यांनी पेटंटं एकत्र करून सामायिक तिजोरी केली. आपल्या मोबाइल कंपन्या आज करतात तोच प्रकार. ते जाऊ दे. त्याच वर्षी सिंगरचा वकील-भागीदार एडवर्ड क्लार्कने जे केलं, ते आपल्या जास्त कामाचं आहे. मशीनची किंमत शंभर डॉलरच्या वर, सामान्य घराला झेपणारी नाही. क्लार्क म्हणाला, थोडे पैसे आता द्या, मशीन घरी न्या, बाकीचे हप्त्याने. म्हणजे ईएमआय! फोन, स्कूटर, फ्रीज यांच्या कितीतरी आधी घराघरात हप्ता आणला तो शिलाई मशीनने.

भारतात सिंगर आली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तिचा धंदा मुंबईतून उभा केला नसरवानजी पटेल या पारशी एजंटने. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनात बायकांना शिवणकाम शिकवलं जाई, कारण विधवेला चार पैसे स्वतःचे मिळवता येतील असं ते काम होतं. 1930 च्या दशकात कोलकात्यात जय इंजिनिअरिंगने देशी मशीन काढलं, तेच आपलं 'उषा'. काळं, सोनेरी वेलबुट्टीचं, कित्येक घरांत टीव्हीच्याही आधी आलेलं.

माझ्या मावशीने असंच पायमशीन हप्त्याने घेतलं होतं. ती म्हणते, "मी कुठं फेडलं? परकरांनी फेडलं." म्हणजे आधी गल्लीत परकर-ब्लाउजची गिऱ्हाइकं होती, मग मशीन आलं. आज मला काळजी वाटते ती उलट्या क्रमाची. रीलमध्ये मोर झरझर उमटताना दिसतो, बचत गटातली ताई कर्ज काढून एम्ब्रॉयडरी मशीन घेते, आणि गिऱ्हाईक शोधायला नंतर निघते. हप्ता मात्र एक तारखेला येतोच.

आता एम्ब्रॉयडरीकडे. इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. 1863 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये इसाक ग्रोब्लीने शिलाई मशीनचाच लॉकस्टिच घेऊन भरतकामाचं यंत्र केलं. शटलचा आकार होडीसारखा, म्हणून नाव 'शिफली', छोटी होडी. पुढे त्याच्या मुलाने, आर्नोल्डने, ते भोकं पाडलेल्या कार्डांवर चालवलं. म्हणून आजही सुरतेत, मुंबईत डिझाइन बनवण्याला 'पंचिंग' म्हणतात. कार्ड गेलं, शब्द राहिला!

ताजिमा या जपानी कंपनीचा डीएसटी फॉरमॅट आजही सगळीकडे चालतो. त्यात प्रत्येक टाका फक्त 3 बाइटचा. सुई किती सरकायची ते 0.1 मिलिमीटरच्या हिशोबात लिहितात, आणि वजनं असतात 1, 3, 9, 27, 81. भाजीवालीचा तराजू डोळ्यांपुढे आणा, फक्त वजनं दोन्ही पारड्यांत टाकायची मुभा आहे. 7 हवेत? 9 मधून 3 काढा, 1 घाला. सगळी वजनं मिळून 121, म्हणून एका उडीत सुई 12.1 मिलिमीटरच्या पुढे जात नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीत उठून बसलो होतो.

घरात हे तंत्र आलं 1990 मध्ये, जानोमेच्या मेमरी क्राफ्ट 8000 मधून. जानोमे म्हणजे जपानीत सापाचा डोळा. लांबट शटलच्या जमान्यात त्यांची गोल बॉबीन तशी दिसायची.

तर, काय घ्यायचं? फॉल-पिको, काज, बाह्या बसवणं हे काम असेल, तर झिगझॅग असलेलं साधं इलेक्ट्रिक मशीन. माझं मत स्पष्ट आहे: पहिलं वर्ष हेच. एम्ब्रॉयडरी हवीच असेल तर आधी रिंगचा आकार बघा, टाक्यांच्या जाहिराती नंतर. छोट्या मशीनची रिंग 10 बाय 10 सेंटिमीटरची असते. ब्लाउजच्या पाठीचा गळा तिच्यात मावत नाही, डिझाइन तोडून कापड पुन्हा बसवावं लागतं, आणि जोड एक मिलिमीटर जरी हुकला तरी पाठीवर दिसतो. शिलाई आणि एम्ब्रॉयडरी एकत्र असलेलं मशीन स्वस्त पडतं, पण 10,000 टाक्यांचं डिझाइन मिनिटाला 400 च्या वेगाने 25 मिनिटं घेतं, शिवाय प्रत्येक रंगाला धागा बदला. तेवढा वेळ शिवण बंद. ऑर्डरचं काम असेल तर हे फार टोचतं.

कापडाखाली कडक थर लावल्याशिवाय भरू नका, नाहीतर सुती कापड चुण्या पडून गोळा होतं. रिंगमध्ये कापड ताठ हवं, ताणलेलं नको. आणि दुकानात मशीन कुठली फाइल वाचतं ते विचारा. पेस, जेफ, डीएसटी सगळे वेगळे आहेत. डीएसटीत तर रंगच नसतात, नुसतं 'इथे थांब' एवढंच लिहिलेलं असतं. त्यामुळे स्क्रीनवर मोर गुलाबी दिसला तर घाबरू नका. डिझाइनसोबत रंगांचा तक्ता मागून घ्या, आणि निळा धागा तुम्हीच ओवा.